तळोद्याची शाखा

अठरा पूर्ण होईपर्यंत चेतनाने बँकेचं नाव काढलं नाही. आधी खातं उघडलं असतं तर पालक म्हणून वडिलांची, आप्पांची सही लागली असती, आणि तिला फक्त स्वतःच्या सहीवर चालणारं खातं हवं होतं. आप्पांनीही कधी घाई केली नाही. "अठरा होऊ दे, मंग मीच लई जासू," एवढंच म्हणायचे.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ते खरंच तिला मोटरसायकलवर बसवून शहाद्याला बँकेत घेऊन आले. चेतनाने मैत्रिणींना विचारून सगळं पक्कं केलं होतं. किमान शिल्लक ठेवायची अट नको, मेसेज तिच्याच मोबाईलवर यायला हवेत आणि शाखा हीच, कॉलेजच्या गेटासमोरची. शेवटी लांब शेपूट ओढलेली सहीसुद्धा तिने गिरवून गिरवून बसवली होती. आप्पा सगळ्याला मान डोलवत होते. शाखेचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तिचा हात धरला.

"बाकी तुन्हा मनसारखं कर, बेटा. शाखा तेवढी तळोदानी ठेव."

चेतना बघतच राहिली. तळोद्याला त्यांचं ना घर, ना शेत, ना कुणी नातेवाईक.

काउंटरवरच्या मॅडमनाही नवल वाटलं. "काका, ही तळोद्याला राहते का?"

आप्पा कौतुकाने हसले.



"आते नही, मॅडम. पन औंदा आखाजीना सनले हाई तठूनच माहेरले येई."