भाजलेला दगड

"हात लावू नकोस. गरम असेल अजून," मागच्या दारातल्या खुर्चीवरून बाबा ओरडले.

"परवा पेटवलं होतं बाबा. वाळू पार गार झालीये."

मुलीने अंगणात सहा गारगोट्या वीतभर वाळूखाली पुरल्या होत्या आणि वर दिवसभर लाकडं जाळली होती. नंतर दोन दिवस ती तिकडे फिरकलीही नव्हती. घाई केली की दगड तडकतो, हे तिला बाबांनीच सांगितलं होतं.

एकोणीस वर्षं बाबा संग्रहालयात लोकांसमोर बसून दगडाची हत्यारं घडवत. हजारो वर्षांपूर्वीची माणसं दगड असा विस्तवाखाली भाजून घ्यायची, मग तो हलक्या हातानेही फुटायचा, हे ते बघणाऱ्यांना सांगत. स्वतः मात्र कधी भाजायच्या भानगडीत पडले नाहीत. "मनगटात जोर आहे तोवर जाळ घालत कोण बसतंय?" म्हणून हसत. मग गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण पाहुण्यासारखा.

तिने वाळू उकरली. पिवळे दगड तांबडे होऊन निघाले. पाच तडकलेले.

"आत ओल राहिली असणार," बाबा म्हणाले. "तो शेवटचा दे इकडे."

तो धड होता. तिने त्यांच्या मांडीवर चामड्याचा तुकडा अंथरला, डाव्या हातात दगड दिला, उजव्यात ठोकायचा गोटा. पहिला घाव हुकला. दुसऱ्याला नखाएवढी कपची उडाली. आतला दगड ओला असल्यासारखा चकाकत होता.

"लोणी झालंय गं नुसतं!" बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी.

पण पुढचा घाव अंगठ्यावर बसला. त्याच्या पुढचा हवेत गेला. ते थांबेनात. दगडाची कड चेचून पांढरी पडली, त्यावर अंगठ्याचं रक्त लागलं.

"इतका जोर नाही लागत याला. हे बघा," असं म्हणत तिने त्यांच्या हातातून दगड आणि गोटा घेतला, दगड फिरवला आणि नुसतं दाखवायला म्हणून एक ठोका दिला.

टिच् असा आवाज झाला. बोटभर लांब, पातळ, अखंड पातं चामड्यावर पडलं. तिने आयुष्यात कधी दगड फोडला नव्हता.

"असंच आलं बाबा, चुकून..."

"चुकून येत नाही ते." बाबांनी पातं उचललं नाही. बघत राहिले. "छान आहे."

उन्हं कलली तरी दोघं तशीच बसून होती. वर्षभर बाबा भिंत धरून एकटेच खाटेपर्यंत जायचे; तिने हात पुढे केला की खेकसायचे. आता त्यांनी दोन्ही हात तिच्याकडे केले. उजवा अर्ध्यावरच थांबला.

"उचल मला," ते म्हणाले.