भिंतीवरची काच

"आधी काच दाखव," मुलगा फोनवर म्हणाला.

"आई कशी आहे ते विचारू नकोस हं. भिंतीची तब्येत विचार," म्हातारी म्हणाली आणि तिने फोन भिंतीकडे वळवला.

कोपऱ्यातून तिरकी भेग खाली उतरली होती. तिच्यावर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी. शाबूत. मुलाच्या जिवात जीव आला.

पट्टी त्यानेच लावली होती, परदेशी निघायच्या आदल्या दिवशी. शेजारच्या प्लॉटवर मोठ्या इमारतीचा पाया खणला आणि यांच्या भिंतीने तोंड वासलं. मुलगा स्ट्रक्चरल इंजिनिअर. कुठली इमारत उभी राहील आणि कुठली बसेल, हे सांगण्यावरच त्याचं पोट. नोकरी लागलेली, तिकीट हातात, आणि घरच्याच भिंतीची ही तऱ्हा. पट्टीची टोकं भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटवायला त्याने प्लास्टर कालवलं, आई घमेलं धरून उभी राहिली. पाणी किती, सुकायला वेळ किती, एकसारखी विचारत होती. उगाच बोलतेय, जीव हलका करायला, असं त्याला वाटलं.

"भिंत हलली की काच तडकणार. तडकली की मी नोकरी सोडून परत येणार. दर रविवारी व्हिडिओवर दाखवायची. माणूस खोटं बोलतो, काच नाही बोलत."

"वा रे वा! पोटात वाढवलं मी आणि भरवसा काचेवर!"

भाड्याच्या घरात जा म्हटलं, तर म्हणाली, "सून म्हणून या उंबऱ्यातून आत आले. आता बाहेर निघेन ती चौघांच्या खांद्यावरून."



तिकडे तो आठवडाभर परक्यांच्या पुलांच्या भेगा मोजायचा. संध्याकाळी एका खोलीत एकटाच जेवायचा, भिंतीकडे तोंड करून. एखाद्या रविवारी मनात यायचं, तडकली असती तर बरं झालं असतं, घरी तरी जाता आलं असतं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

एकदा त्याने विचारलं, "कपाटाला पडदा कसला लावलास?" काचेच्या दारांच्या कपाटावर जुनी साडी लोंबत होती.

"आतला पसारा दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला कशाला दाखवू?"

एकदा तिच्या बोटाला चिंधी होती.

"विळीनं कापलं. तुझ्यासारखी डबे उघडून नाही जेवत मी."

फोन ठेवण्याआधी ती बाबांचा फोटो दाखवायची. पण खिडकीतलं ऊन फोटोवर असं चमकायचं, की चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा.

"तू गेल्यापासून तोंड लपवून बसलेत," ती म्हणायची. "लोकांना तोंड दाखवायला मी आहेच."

आज मात्र मुलाचा आवाज वेगळा होता.

"आई, नोकरी पक्की करतायत. उद्या सही करायची. केली की पुढची पाच वर्षं हलता येणार नाही."

म्हातारीने फोन मांडीवर पालथा घातला. पडद्यावर नुसता काळोख.

"आई?"

"ऐकतेय. बहिरी नाही झाले."

"तू म्हणशील तर नाही करत सही. येतो परत."

"येऊन काय करणार? माझ्या डोक्यावर बसणार? काच बघितलीस ना आत्ता?"

"बघितली."

"तडकलीय?"

"नाही."

"मग? भिंत उभी आहे, मी उभी आहे. मुकाट्यानं सही कर." तिने पदराने नाक पुसलं. "सर्दी झालीय. बाबांना सांग चल, पोरगं मार्गी लागलं म्हणून."

तिने सवयीने फोन फोटोकडे वळवला.

वर्षभरात पहिल्यांदाच बाबा दिसले. जाड भुवया, हनुवटीवरचा तीळ, हसू दाबून धरलेले ओठ. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, आज किती स्वच्छ दिसतायत गं बाबा!"

"पुसलाय फोटो," ती म्हणाली आणि फोन घाईघाईने फिरवू लागली.

खिडकी उघडीच होती. ऊन रोजच्यासारखंच थेट फोटोवर पडलं होतं. चमकायला त्याच्यावर काचच नव्हती.