कच्च्या कागदावरची सही

अठ्ठावन्न सालची गोष्ट. दलालाच्या तावडीतून सुटायचं म्हणून चामराजपेटेतल्या बारा उदबत्तीवाल्या बायांची सोसायटी काढायला सुलभा आणि तिच्या कॉलेजातली मुलं झटत होती. अर्जावर अकरा अंगठे नीट उमटले. ठकुबाईचा मात्र नुसता काळा डाग पडला. वीस वर्षं उदबत्त्या वळून तिच्या अंगठ्याच्या रेघाच घासून गेल्या होत्या. "सही आणा," म्हणत सहकार कचेरीतल्या कानडी कारकुनाने अर्ज परत केला. मग दोन महिने कॉलेज सुटलं की सुलभा पाटी घेऊन ठकुबाईच्या दारात हजर.

आज कचेरीत कारकुनाने आधी एक कच्चा कागद पुढे सरकवला. "स्वल्प, जरा इथं करून दाखवा."

ठकुबाईने टाक धरला आणि मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं, 'सुलभा'.

सुलभाने घाईने कागदावर बोट ठेवलं. "अहो ठकुबाई, हे माझं नाव! तुमचं लिहा, तुमचं!"

"ठाऊक हाय की, अक्का." ठकुबाईने अर्जावर वाकून, वाकडंतिकडं का होईना, 'ठकुबाई' असं लिहिलं. कारकुनाने "सरी, ठीक आहे" म्हणत शिक्का मारला.

बाहेर आल्यावर सुलभा हसत म्हणाली, "माझं नाव एवढं वळणदार, आणि स्वतःचं असं?"

"माझं काय, कामापुरतं. तुमचं रोज गिरवते," ठकुबाई म्हणाली. "उद्या परीक्षा देऊन तुम्ही गावाला जाल. मग पत्रावर तुमचं नाव दुसऱ्याच्या हातनं घालून घेऊ होय?"