आभाळाची जागा

माझी बायको हेलेद वारली तेव्हा तिचं शेवटचं चित्र टेबलावर तसंच राहिलं. स्लेटच्या खाणीमागचा आमचा डोंगर तिने रंगवला होता, पण वरचा सगळा कागद कोरा होता. त्या वर्षी आमच्या वेल्श गावातले दोन चित्रकार चीनला गेले आणि त्यांच्या बदल्यात तिथल्या हांगचौ शहरातून चित्रकार शाओबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना म्हटलं, "तेवढं आभाळ भरून द्या. अर्धवट बघवत नाही."

त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं. "अर्धवट कुठंय, काका? आमच्याकडे अशी जागा बघणाऱ्याची असते. त्याला जे वाटतं ते तो तिथे लिहितो. पुढे दुसरा कुणी त्याच्याखाली लिहितो."

"दुसऱ्याच्या चित्रावर? हेलेदने हात तोडला असता!"

"त्या चित्र काढत बसायच्या, तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

"मी काय म्हणणार? 'चहा गार होतोय,' एवढंच."

"मग तेच लिहा की."

मी लिहिलं. अक्षर वाकडंच आलं.

परत जाताना शाओबाई ते चित्र हांगचौच्या प्रदर्शनाला घेऊन गेल्या. ते परत आलं, तर माझ्या ओळीखाली चिनी अक्षरांची एक ओळ होती. मी शाओबाईंना फोन लावला.

"एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलीय," त्या म्हणाल्या. "त्यांची बायकोही चित्रं काढायची. तुमच्या ओळीचा अर्थ मीच त्यांना सांगितला."

"पण लिहिलंय काय?"

"'आमच्याकडे भात गार व्हायचा.'"