स्थिर मनाचा आलेख

उड्डाणपुलाखाली आयुष्य काढलेल्या द्वारकाबाईंना बेघरांसाठीच्या एका संस्थेने खोली दिली, तेव्हाच त्यांच्या मनगटाच्या कातडीखाली तांदळाएवढा मापक बसवला. माणूस घरात किती रुळला, ते त्यावरून कळायचं. मन ढवळलं की संस्थेच्या पडद्यावरचा आलेख उसळायचा, आणि तो फार उसळला की खोली काढून घेत.

म्हणून काल हुसेनाबी गेल्याचा निरोप आला, तेव्हा द्वारकाबाई रडल्या नाहीत. पुलाखाली जिच्या पाठीला पाठ लावून त्या इतकी वर्षं झोपल्या, तिच्या मरणावर त्यांनी संस्थेत शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून सावकाश श्वास घेतला आणि सोडला.

आज सकाळी संस्थेची वेदांगी पेढे घेऊन आली.

"मावशी, कमाल केलीत! आलेख जरासुद्धा हलला नाही," असं म्हणत तिने स्वतःच्या हाताने द्वारकाबाईंना पेढा भरवला. "आणि हो, हुसेनाबी ठणठणीत आहेत. ती चाचणी होती. सगळ्यांचीच घेतो आम्ही."

तोंडातला पेढा शेणासारखा लागला. द्वारकाबाईंनी तो तिच्या पायाशी थुंकून टाकला आणि त्या अनवाणीच निघाल्या.

"मावशी, आलेख बघा कुठे गेलाय! खोली जाईल तुमची!" वेदांगी मोबाइलच्या पडद्याकडे बघत ओरडली.

"तूच राहा तिथं," द्वारकाबाई मागे न बघता म्हणाल्या.

पुलाखाली हुसेनाबी चूल फुंकत बसली होती. द्वारकाबाईंनी तिला कवटाळून हंबरडा फोडला.

"अगं, झालं काय? कुणी मारलं का तुला?"

"तू मेलीस म्हणून सांगितलं मला," द्वारकाबाई म्हणाल्या, "आणि मी रडले नाही गं."