पूर्ण नमस्कार

"फोटोच्या आधी नमस्कार करायचा," बाबा रांगेतच म्हणाले. "आणि इथल्यासारखा नको."

इथल्यासारखा म्हणजे भोपाळसारखा. बाबांचा, म्हणजे रवींद्र देशकरांचा, जन्म इथल्याच टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमधला, पण नमस्कार नागपूरचा. मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून उठून भोपाळला आली तेव्हा त्यांचे वडील फायलींबरोबर इकडे आले आणि येताना नमस्कार तिकडचाच घेऊन आले. इथली मुलं चालता चालता मोठ्यांच्या गुडघ्याला बोट लावून सटकतात. बाबा त्याला चाचपणी म्हणत. देशकरांच्या घरात कमरेतून वाकायचं, दोन्ही हात, दोन्ही पावलं. मोठी माणसं 'असू दे, असू दे' म्हणत मागे सरकतात, तो त्यांचा विनय. आपण पाय सोडायचे नाहीत. धाकट्या सुयशने हा सराव कळत्या वयापासून केला होता. आयुष्यात दुसरं काहीच त्याने इतक्या नेमाने केलं नव्हतं.

बाबांची चिंता तीच होती. थोरला मयूर पुण्यात इंजिनियर. त्याची ओळख करून देताना बाबांना श्वास पुरत नसे. सुयशची ओळख एका वाक्यात आटपे. मराठी पाहुण्यांना "हा घरीच असतो," आणि हिंदी शेजाऱ्यांना "ये घर पे ही रहता है." मग कुणीतरी घाईघाईने हवेबद्दल बोले.

घरी तो एमएमए बघे. कुस्ती, बॉक्सिंग, कराटे, सगळं एकाच पिंजऱ्यात कोंबून केलेली मारामारी. आज अवधपुरीच्या एका मॅरेज गार्डनमध्ये त्या मारामारीच्या चाहत्यांचं संमेलन होतं आणि सुयश वडिलांना हातापाया पडून घेऊन आला होता. आपण इतका वेळ जे बघतो ते काहीतरी आहे, एवढंच त्यांना दिसावं. आज नाही दिसलं तर तो जन्मभर घरीच असणार होता, निदान त्या वाक्यात तरी.

कमानीवर कालच्या लग्नातली नवरानवरीची नावं तशीच होती. तिच्याखाली मुलं बॉक्सिंगचे हातमोजे न काढता पोहे-जलेबी खायचा प्रयत्न करत होती. बाबांनी ते पाहिलं आणि मग घड्याळ पाहिलं. लक्षण चांगलं नव्हतं.

स्टेजवर, वधूवरांच्या लाल सिंहासनासमोर, खंबा उभा होता. खरं नाव बलबीर. पण निवृत्त होईपर्यंत त्याला पिंजऱ्यात कुणी जमिनीवर पाडू शकलं नव्हतं, म्हणून खंबा, म्हणजे खांब. तो हरला पुष्कळदा, पण उभ्याने.

"जिंकलाय किती?" बाबांनी विचारलं.

"जिंकण्याचं सोडा बाबा. हा पडला नाही कधी."

"पडला तर आपला पंखाही नाही कधी. त्याच्याबरोबर फोटो काढलास?"

तेवढ्यात नंबर आला. बाबा मोबाइल धरून खाली उभे राहिले. सुयश स्टेजवर गेला, शिकवल्याप्रमाणे कमरेतून झुकला आणि दोन्ही हात त्याने पावलांकडे नेले.

आता, ज्याने अर्धं आयुष्य पिंजऱ्यात काढलंय, त्याच्या पायांकडे कुणी झेपावलं की तो पाडायलाच आलेला असतो. हे डोक्याला कळायच्या आधी पायांना कळतं. खंब्याचे पाय मागे उडाले. सुयशला वाटलं, विनय. तो पुढे सरकला. खंबा आणखी मागे गेला. इतका मोठा माणूस आणि किती साधा, या विचाराने सुयशला भरून आलं. त्याने दोन्ही घोटे घट्ट धरले आणि भक्तिभावाने कपाळ नडग्यांवर टेकवलं.

घोटे धरलेले आणि वरून नडग्यांवर भार. खंबा सिंहासनाच्या पायथ्याशी उताणा पडला.

जलेब्या हातमोज्यांतच राहिल्या. सकाळपासून एकदाही न थांबलेला माईकवाला थांबला. मग कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाला, "भाइयों, खंबा गिर गया."

सुयशने पावलांवरचे हात उचलून छातीशी जोडले. नमस्कार पूर्ण झाला होता. त्यानंतर जो गलका उठला, तो पलीकडच्या सोनागिरी वस्तीपर्यंत गेला असावा.

खंबा उठून बसला. स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ये किसने सिखाया तेरे को?"

सुयशने बाबांकडे बोट दाखवलं.

बाबा चपला पायरीशी काढून वर आले. आता ते माफी मागणार, आणि घरी जाताना वाटभर बोलणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे बोलणारच नाहीत, हे सुयशला ठाऊक होतं. पण त्याआधी खंबाच पुढे झाला आणि उस्तादासमोर वाकावं तसा बाबांसमोर वाकला. त्याचा हात गुडघ्यापाशी येऊन थांबला.

"और नीचे," बाबा म्हणाले.

खंबा आणखी वाकला.

"दोनों हाथ."

दुसराही हात आला. बाबा मागे सरकले नाहीत. 'असू दे' म्हणाले नाहीत.

खंबा सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "लड़का कौन-सी अकॅडमी में है, सर?"

माईकवाल्याने धावत येऊन माईक पुढे केला. बाबांनी सदरा सारखा केला. सुयशच्या खांद्यावर हात ठेवला. आणि पार मागे पोह्यांच्या कढईपर्यंत ऐकू जावं अशा बेताने, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले,

"कहीं नहीं जाता. ये घर पे ही रहता है."