सोजरच्या लुगड्याची झोळी

शेवंतानं पाठीवरच्या झोळीची गाठ सोडली, तशी झोपलेली पोर दचकून रडायलाच लागली. "मावशी, ही घे तुझी झोळी. धुऊन आणणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, आधी देऊन ये."

सोजरचं मशीन थांबलं. कांद्याच्या खळ्यावर जाणारी बाई न् बाई लेकरू पाठीशी बांधायची ते सोजरनं शिवलेल्या झोळीत. नेसून नेसून मऊ झालेलं तिचं स्वतःचं लुगडं, त्याला दुहेरी शिवण. बायका मागायला यायच्या तेव्हा म्हणायच्या काय, तर सोजरची तिन्ही पोरं धडधाकट, तिच्या अंगावरचं कापड लागलं की लेकरू जगतं. पार पाया पडून न्यायच्या बघा!

मागल्या महिन्यात तिचा मधला पोरगा ट्रॅक्टरखाली गेला. तेव्हापासनं एकेक जणी येते, झोळी ठेवते आणि चहालाही न थांबता निघून जाते.

"तुलाही तसंच वाटतं का गं?" सोजरनं विचारलं.

"मला नाही वाटत, मावशी. पण एवढी एकच पोर आहे. उद्या हिला साधा ताप आला, तरी सासूबाई मला फाडून खातील."

सोजरनं झोळी हातात घेतली. पोरीच्या अंगाची ऊब होती अजून तिला. उगाच शिवणीवरून बोट फिरवलं. एकही धागा सुटलेला नव्हता.

"टाका उसवला म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?" ती म्हणाली. "मी बसून शिवला असता."